हिरवी तार

हारुन कुठलंही मशीन उघडायच्या आधी त्याच्या पाठीवर हात ठेवायचा. तळहात नाही, बोटांची मागची बाजू. तळहाताला करंट लागला तर मूठ आवळते आणि सुटत नाही, मागच्या बाजूला लागला तर हात आपसूक झटकला जातो, हे त्याला सुरतेच्या उस्तादाने पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. त्या स्पर्शावरून तो सांगायचा, ट्रान्सफॉर्मर किती तापलाय, मशीन कपाटात कोंडून ठेवलंय का, त्यावर कुणी दुलई घातलीय का. विसरवाडीच्या स्टँडमागे त्याचं आठ बाय दहाचं दुकान होतं आणि आसपासच्या पंधरावीस गावांत, ज्यांना घरात जरा बरा आवाज हवा असे, त्यांच्याकडे हारुनने हाताने जुळवलेला अॅम्प्लिफायर असायचा. लोक त्याला नुसतं ‘हारुननं मशीन’ म्हणत.

त्याचा बाप जाकीर लग्नावऱ्हाडांत पेट्रोमॅक्सच्या बत्त्या भाड्याने द्यायचा. गावोगावी वीज आली आणि बापाचा धंदा बसला. तेव्हा सतरा वर्षांचा हारुन नवापुरातून गाडी धरून सुरतेला गेला आणि रेडिओ दुरुस्तीच्या एका दुकानात सहा वर्षं राबला. परत आला तो हात शिकून आणि डोक्यात काही गोष्टी पक्क्या बसवून. त्यातली पहिली म्हणजे हिरवी तार. मशीनचा डबा लोखंडी. आतली एखादी तार सुटून डब्याला टेकली तर सगळा डबाच करंट धरतो. हिरवी तार त्या डब्यापासून निघते, प्लगच्या मोठ्या पिनेतून घराच्या अर्थिंगला आणि तिथून जमिनीत जाते. ती जागेवर असेल तर करंट माणसातून न जाता जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. नसेल तर तो कुणाच्या तरी हाताची वाट बघत बसतो. हारुन गिऱ्हाइकाला हे समजावून सांगायचा, आणि कुणी दोन पिनांचा प्लग लावून दे म्हटलं तर मशीन द्यायलाच नकार द्यायचा. ‘‘गानं नई वाजनं तरी चाली,’’ तो म्हणायचा, ‘‘मन्हा मशीनवरी कोनी मराले नको.’’

पारसमल शेठचं कापडाचं दुकान आणि वर घर बाजारपेठेत होतं. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण पारसमल इथेच जन्मले, वाढले आणि अहिराणी अशी बोलायचे की परक्याला ते मारवाडी आहेत हे सांगून पटलं नसतं. त्यांची बायको जडावबाई. साठीनंतर जडावबाईंची नजर गेली. काचबिंदू होता. माणसांच्या सावल्या दिसायच्या, अक्षर दिसायचं नाही. आयुष्यभर सकाळी पोथी वाचायची सवय, ती तुटली. तेव्हा शेठनी हारुनला बोलावून सांगितलं, हिला स्तवनं ऐकायला एक चांगलं मशीन कर.

हारुनने त्या मशीनवर महिनाभर जीव लावला. आवाज मोठा नको होता, स्वच्छ हवा होता. बटणं त्याने अॅल्युमिनियमची, खाचा असलेली बसवली, म्हणजे बाईंना चाचपून कळावं की हे आवाजाचं आणि हे चालू-बंदचं. घरातलं अर्थिंगही तपासलं. ते काम भीमसिंगचं होतं. भीमसिंग जवळच्याच एका पाड्यावरचा वायरमन, अबोल, पण काम खणखणीत. त्याने परसात खड्डा खणून, कोळसा आणि मीठ भरून, तांब्याची पट्टी पुरली होती. हारुनने करंटची तार आणि अर्थिंग यांच्या मधे दिवा लावून पाहिला, तो लख्ख पेटला.

त्यानंतर हारुनचं त्या घरी जाणं वाढलं. कधी मेमरी कार्डात नवी स्तवनं भरून दे, कधी नुसतंच धूळ झटकायला. जडावबाई त्याला चहा द्यायच्या. सुरुवातीला काचेच्या पेल्यात, जो त्याच्यासाठी वेगळा ठेवलेला असे. हारुनला त्याचं काही वाटत नसे; गावात असं चालतंच. मग एका वर्षी सलीमाचं, त्याच्या बायकोचं, पोटाचं ऑपरेशन झालं आणि ती चिंचपाड्याच्या दवाखान्यात दहा दिवस होती. जडावबाईंनी रोज मुगाच्या डाळीचं पाणी आणि मऊ भात डब्यातून पाठवला. सलीमा घरी आल्यावर हारुन शेठच्या घरी गेला, तेव्हा चहा घरातल्या स्टीलच्या पेल्यात आला.  त्या दिवशी घरी येऊन त्याने सलीमाला ते सांगितलं आणि सलीमाने डोळ्यांना पदर लावला.

मग नमनने, शेठच्या मुलाने, मोठा टीव्ही आणला. केबलच्या डब्यातून एक वायर त्याने आईच्या मशीनला जोडली, म्हणजे तिला प्रवचनंही ऐकता येतील. त्या दिवसापासून स्पीकरमधून घुं आवाज येऊ लागला. गाणं मोठं असलं तर लक्षात यायचं नाही, पण बाई ऐकायच्या हळू आवाजात. दोन कडव्यांच्या मधल्या शांततेत ती घुमघुम भुंग्यासारखी फिरायची.

‘‘हारुन, मशीन गाई ऱ्हायनं का रडी ऱ्हायनं?’’ जडावबाई म्हणाल्या. ‘‘आवाज कमी करा का हाई घूं कानमा बठस. डोयानं दिसत नई, आते कानबी खराब करशी का मन्हा?’’

हारुनने दहा मिनिटांत कारण शोधलं. केबलच्या वायरीतून बाहेरची जमीन, म्हणजे बाहेरचं अर्थिंग, येत होती आणि मशीनला घरची जमीन होती. दोन वाटा झाल्या की मधे करंट फिरतो आणि तोच स्पीकरमधून घुमतो. त्यावर उपाय होता: वायरीच्या मधे बसवायचा सुपारीएवढा एक ट्रान्सफॉर्मर. तो विसरवाडीत मिळत नसे, नंदुरबारलाही नसे. सुरतेहून आणावा लागे.

दुसऱ्या दिवसापासून जैनांचं पर्युषण लागणार होतं. बाईंचा उपवास, घरात पाहुणे. त्या नुसत्या भुवया उंचावून त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या सावलीकडे, बघत बसल्या होत्या. हारुनने प्लग उघडला. हिरवी तार स्क्रूतून सोडवली, टोकावर काळी टेप गुंडाळली आणि प्लग पुन्हा बंद केला.

घुं थांबलं.

‘‘आते कसं ग्वाड वाटस,’’ बाई म्हणाल्या.

‘‘दोन दिनकरता शे काकी,’’ हारुन म्हणाला. ‘‘सुरतथून एक सामान लई येसू, मंग कायमनं काम करी देसू.’’

नेमकं काय सोडलंय आणि का सोडलंय हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यांना कळलं नसतं, असं तेव्हा त्याला वाटलं. नंतर मात्र त्याला वाटायचं, सांगितलं असतं तर नमनने निदान आठवण तरी करून दिली असती.

पुढच्या आठवड्यात तो सुरतेला गेलाच नाही, सलीमाच्या भावाकडे लग्न निघालं. त्यानंतर गेला, पण यादीत ते सामान लिहायचं राहिलं. तिसऱ्या खेपेला लिहिलं होतं, तर दुकान बंद. मग करोना आला आणि गाड्याच थांबल्या. गाड्या सुरू झाल्यावर तो पाच-सहा वेळा सुरतेला जाऊन आला असेल. मशीन गोड वाजत होतं, कुणाची तक्रार नव्हती. तक्रार नसलेली गोष्ट माणसाच्या डोक्यातून किती सहज जाते.

मधे एकदा, दिवाळीच्या सुमारास, त्याला ती तार आठवली होती. शेठच्या घरी नवीन शोकेस आली होती, काचेची दारं असलेली. मशीन आता त्यात होतं आणि वर विणलेला रुमाल अंथरलेला. हारुनने मागे हात घातला तर लोखंड चांगलंच तापलं होतं. ‘‘काकी, दार उघडं ऱ्हाऊ द्या. याले श्वास लागस,’’ तो म्हणाला. सूनबाई हीना आतून म्हणाली, धूळ बसते, पण उघडं ठेवू. तिथेच उभ्या उभ्या त्याला हिरवी तार आठवली. खिशात टेस्टर होता, पेचकस होता. तार परत जोडायला दोन मिनिटं लागली असती. पण जोडली की घुं परत सुरू होणार आणि ऐन सणाला बाईंचा विरस होणार. तेवढ्यात फराळाची ताटली आली, शेठनी सुरतेच्या बाजाराचं काहीतरी विचारलं आणि तो बसला.

वैशाखातल्या एका सकाळी, साडेनऊच्या सुमारास, नमनचा फोन आला. ‘‘हारुनभाई, लवकर या. आई...’’ 

हारुन धावत गेला. फरशी नुकतीच पुसलेली, अजून ओली. बाई शोकेससमोर पडल्या होत्या. आंघोळ करून, ओल्या केसांनी, अनवाणी, आवाज कमी करायला त्या आल्या होत्या. हीना स्वयंपाकघरात होती. तिला पडल्याचा आवाज आला, पण तिला वाटलं, पाट पडला असेल. स्तवन तर चालूच होतं. दोन-तीन मिनिटं गेली असतील.

हारुनने आधी भिंतीवरचा खटका बंद केला, मग प्लग उपटला. स्तवन अर्ध्या शब्दावर थांबलं. त्यांनी बाईंना गाडीत घालून चिंचपाड्याला नेलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि शेठच्या खांद्यावर हात ठेवला.

दुपारी पोलीस पंचनाम्याला आले. मशीन जागेवरच होतं. हवालदार हारुनला म्हणाला, तुम्ही जाणकार आहात, बघून सांगा. हारुनने मशीन उघडलं. बंद काचेआड, रुमालाखाली, वर्षानुवर्षं तापून ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांवरचं वॉर्निश करपलं होतं. एका जागी तांबं उघडं पडून लोखंडाला भिडलं होतं. टीव्हीच्या वायरीतली, जमिनीकडे जाणारी बारीक जाळीही मधे तुटली होती. ‘‘आत शॉर्ट झालंय,’’ तो म्हणाला. हवालदाराने तेवढंच लिहून घेतलं. प्लग हारुनच्या हातात होता. तो उघडून दाखव असं कुणी म्हटलं नाही. सगळे गेल्यावर त्याने तो वीतभर वायरीसकट कापून खिशात टाकला. आतली काळी टेप त्याला न बघताही माहीत होती. टेपचं शेवटचं टोक तो दुमडून ठेवायचा, पुढच्या वेळी नखाने पटकन निघावं म्हणून. अशी टेप विसरवाडीत दुसरं कुणी लावत नसे.

तिसऱ्या दिवशी उठावणा, म्हणजे शोकाची बैठक, झाला. हारुन मागच्या ओळीत बसला. बायकांच्या बाजूने हीनाचं रडणं ऐकू येत होतं. ‘‘आठ दिवसांपासून म्हणत होत्या,’’ ती कुणाला तरी सांगत होती, ‘‘बटणाला हात लावला की बोटांना मुंग्या येतात. मी म्हटलं, शुगरमुळे असेल. डॉक्टरांना दाखवू म्हटलं.’’

आठ दिवस.  बाहेर पडताना शेठनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, ‘‘सगयास्ना आधी तू पयत उना. तुन्हे उपकार शेत.’’ हारुनला वाटलं, आत्ताच सांगावं. पण शेठच्या मागे वीस माणसं उभी होती.

दोष कुणावर तरी जाणारच होता. तो भीमसिंगवर गेला. नमनला कुणीतरी सांगितलं की अर्थिंग नीट असतं तर फ्यूज उडाला असता. हे खरंच होतं. नमन भर बाजारात भीमसिंगला बोलला, ‘‘तू खड्ड्यात माती भरलीस आणि माझी आई मारलीस.’’ भीमसिंग म्हणाला, उकरून बघा. पण उकरायला कोण जातं? दोन घरांनी त्याला दिलेलं काम काढून घेतलं. शाळेच्या नव्या खोल्यांची वायरिंग त्याच्याकडे होती, तीही गेली.

हारुन दुकान उघडायचा आणि नुसता बसून राहायचा.  सलीमाने पाच-सहा दिवस पाहिलं, मग एका दुपारी दुकानात येऊन दार ओढून घेतलं.

‘‘क्या छुपा रहे हो?’’

हारुनने गल्ल्यातून प्लग काढून तिच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. सलीमाने प्लगवर मूठ मिटली. जडावबाईंच्या डब्यातलं डाळीचं पाणी प्यालेली बाई ती.

‘‘भीमसिंगची बायको, रुपा, आज बाजारात दिसली,’’ ती आपल्या हिंदीत म्हणाली. ‘‘भाजीवालीने तिच्याकडे बघून तोंड फिरवलं. तुम जाके कह दो. जो होगा, होगा.’’

त्याला आणखी तीन दिवस लागले. अकराव्या दिवशी सकाळी तो शेठच्या घरी गेला. शेठ एकटेच बैठकीत बसले होते, शोकेस रिकामी होती. हारुन खाली फरशीवर बसला. शेठ म्हणाले, वर बस. तो बसला नाही. त्याने प्लग समोर ठेवला, उघडला आणि टेप गुंडाळलेली तार दाखवली.

‘‘शेठ, भीमसिंगनी चूक नई. हाई तार मी सोडेल शे. घूं आवाज बंद कराले.’’

शेठनी प्लग हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं.

‘‘कितला दिनकरता सोडी व्हती?’’

‘‘दोन.’’

‘‘आनी कितला व्हयनात?’’

‘‘चार वरीस, शेठ.’’

नमन आतल्या दारात कधी येऊन उभा राहिला ते हारुनला कळलं नाही. त्याने हारुनची कॉलर धरून त्याला उभं केलं. हारुनने हात वर केले नाहीत. ‘‘सोड त्याले,’’ शेठ म्हणाले. नमनने सोडलं, आणि भिंतीकडे तोंड करून तो हुंदके देऊन रडू लागला.

‘‘जाय आते,’’ शेठ म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर हारुनला बरं वाटलं असतं.

तिथून तो पोलीस ठाण्यात गेला. हवालदार म्हणाला, आकस्मिक मृत्यूची नोंद झालीय, कशाला उकरून काढता? हारुनने जबाब लिहून घ्या म्हणून सांगितलं आणि प्लग टेबलावर ठेवला. हलगर्जीपणाचा गुन्हा दाखल झाला. तेव्हापासून त्याला नवापूरच्या कोर्टात तारखा पडतात. तो प्रत्येक तारखेला जातो. एखाद्या दिवशी पुढची तारीख घेऊन परततो, एखाद्या दिवशी न्यायाधीश रजेवर असतात.

पाड्यावर भीमसिंगकडे जाणं त्याला सगळ्यात जड गेलं. भीमसिंग अंगणात वायरीचं भेंडोळं सोडवत बसला होता. त्याने ऐकून घेतलं, हातातलं काम थांबवलं नाही.

‘‘तुले पहिलाच दिन माहीत व्हतं,’’ तो म्हणाला.

‘‘हा.’’

‘‘अकरा दिन, हारुनभाई. माले वाटे, मन्हाच खड्डा सुकी गया व्हई. रोज रातले मी तोच खड्डा मनमा उकरू. मीच बाईले मारं, असं माले वाटी ऱ्हायंतं.’’

 रुपाने पाणी आणून ठेवलं, पण पी म्हणाली नाही. पुढे गावात खरी गोष्ट कळली, शाळेचं काम भीमसिंगला परत मिळालं. पण रस्त्यात समोरासमोर आले तर तो नुसती मान हलवतो आणि सायकल पुढे काढतो.

हारुनने नवी मशीनं जुळवणं बंद केलं. त्याऐवजी त्याने एक वही काढली आणि आजवर विकलेली मशीनं आठवून आठवून लिहिली. मग रोज एक-दोन घरी, कधी एसटीने, कधी पायी. मशीन कपाटात असलं तर बाहेर काढायचं, मागे चार बोटं जागा सोडायची, प्लग उघडून बघायचा, बोर्डाच्या मोठ्या भोकाला खरंच अर्थिंग आहे का ते दिवा लावून तपासायचं. लोक म्हणत, आमचं तर नीट चाललंय. तो म्हणे, त्यांचंही नीटच चाललं होतं.

चिंचपाड्याजवळच्या एका घरात नवलसिंग नावाच्या शिक्षकाच्या मशीनचा प्लग त्याने उघडला, तर आत टेप गुंडाळलेली हिरवी तार. टोक दुमडलेलं.  हारुनला हे आठवतच नव्हतं. कधी सोडली, कशासाठी, काही म्हणजे काही नाही. शेजारी मास्तरांची नात चटईवर खेळत होती. त्याने तार जोडली, तीनदा तपासली आणि मास्तरांना सगळं खरं सांगितलं. मास्तरांनी ते मशीन त्याच दिवशी अडगळीत टाकलं. वही संपेपर्यंत असा आणखी एक प्लग निघाला. उस्तादाने हे शिकवलं नव्हतं आणि तो स्वतः जगाला याच्या उलट सांगत फिरत होता. तरी तीन वेळा त्याचाच हात हे करून गेला होता.

वर्ष उलटून गेलं. श्रावणातल्या एका दुपारी, पाऊस जरा थांबलेला असताना, पारसमल शेठ दुकानात आले. त्या दिवसानंतर ते हारुनशी एक शब्द बोलले नव्हते. ते खूप वाळले होते. हारुन उठून उभा राहिला, त्याने स्टूल फडक्याने पुसून पुढे केलं. शेठ बसले. समोरून सुरतेची बस गेली, स्टँडवर कंडक्टरने नवापूर-नवापूर ओरडून घेतलं. शेठ छत्रीच्या मुठीकडे बघत होते.

‘‘एक इचारनं व्हतं,’’ ते म्हणाले. ‘‘घरमा कोनले इचारता येत नई. डॉक्टरले इचारं, तो म्हने, काय कयनं नसी तिले. पन डॉक्टर समदास्ले तेच सांगतस.’’ त्यांनी मान वर केली. ‘‘तुले करंटनं माहीत शे. तिले तरास व्हयना व्हई का रे?’’

हारुनच्या तोंडाशी ‘नाही’ आलं होतं. तो शब्द देऊन म्हाताऱ्याला घरी पाठवता आलं असतं. स्वतः त्याने किती वेळा करंट खाल्ला होता, त्यातली एकेक वेळ त्याला आठवली. पण त्या घरात बोलायचं राहून गेलेलं एवढं साचलं होतं की आता आणखी एक गोड गोष्ट त्याच्याने सांगवेना.

‘‘माले माहीत नई, शेठ,’’ तो म्हणाला.

शेठनी मान डोलावली.  हारुनने चहा सांगू का विचारलं, त्यांनी हातानेच नको म्हटलं. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले. पायरी ओली होती, हारुनने पुढे होऊन त्यांच्या कोपराला धरलं. त्यांनी धरू दिलं. रस्ता ओलांडून ते बाजारपेठेकडे वळले. हारुन पायरीवर उभा राहून ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिला.